दोन आखूड, एक लांब

गाडीतला आरसा अजून बाबांच्याच उंचीला लावलेला आहे, हे पिकुनला मेकच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात कळलं.

"ताई, तुम्ही गाडी चालवता की कुंपणावरून शेजारी डोकावता?" मेक चालकाच्या जागेवर बसून म्हणाला. "यात मागचं काही दिसायचं तर मान वीतभर लांब हवी."

"मला दिसतं," पिकुन म्हणाली.

दिसत होतं, पण त्यासाठी ती तीन महिने ताठ बसून, हनुवटी वर करून गाडी चालवत होती. मानेचं दुखणं तिने उशीवर ढकललं होतं. नोव्हेंबरात बाबा गेले. त्यांची हिरवी पिकअप तिच्याकडे आली तेव्हा तिने आसन पुढे घेतलं, पण आरशाला काही तिचा हात लागला नाही.

कॅमेरा लावायची बुद्धी तिची नव्हतीच. फयाओच्या बाजाराच्या चढावर एक ट्रक मागे घसरत येऊन तिच्या गाडीला टेकला आणि ट्रकवाल्याने खाली उतरून सांगितलं, बाईनेच मागून धडक दिली. हवालदाराने दोघांचं ऐकून घेतलं आणि तिला विचारलं, "कॅमेरा?" नाही म्हटल्यावर तो अशा नजरेने बघत राहिला, जणू ती चपला न घालता घराबाहेर पडली होती.

म्हणून आता मेकच्या हातात तो कॅमेऱ्याचा नवा आरसा होता. दिसायला आरसाच, फक्त जरा लांबट, जाड आणि काचेच्या जागी पडदा. पुढे बघणारा डोळा त्याच्या पाठीला, मागे बघणारा दुसरा डोळा वेगळा, गाडीच्या मागच्या नंबरपाटीवर लावायचा. जुन्या आरशावर हा आरसा ठेवायचा आणि दोन रबरी पट्ट्यांनी आवळायचा. जुना काढायचा नाही.

"म्हणजे तो आत तसाच राहणार?"

"तसाच. याच्या पोटात."

अडचण निघाली ती हाराची. जुन्या आरशाला बाबांनी अडकवलेला फुलांचा हार वाळून तपकिरी झाला होता आणि त्याच्याबरोबर बुद्धाचा छोटा ताईत लोंबत होता. दोन्ही नेमके कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर येत होते. मेकने हात जोडले, छताकडे बघत "थविनकाका, जरा बाजूला घेतो हं," असं बाबांना म्हणाला आणि हार उचलून तिच्या ओंजळीत ठेवला. तिने तो समोरच्या खणात ठेवला. ताईत त्याने खालच्या खुंटीला लावून दिला.

मग वायरची पाळी. ती छताच्या कापडाखालून कडेकडेने न्यायची असते. पण चालकाच्या डोक्यावर, गाडी नवी असताना भिक्खूंनी बोटाने उठवलेले पांढऱ्या गंधाचे ठिपके होते.

"यांच्याखालून वायर घालणं काही बरं दिसत नाही," मेक डोकं खाजवत म्हणाला. "वळसा घातला तर वाकडी जाईल. चालेल?"

"वाकडीच जाऊ दे."

शेवटी त्याने आरसा तिच्या डोळ्यांसमोर आणून बसवला. पिकुनची मान आपोआप खाली आली. एवढं सोपं होतं ते.

नव्या आरशाची सवय व्हायला आठवडा गेला. जुन्या आरशात मान हलवली की मागचं जग हलायचं. या पडद्याला तिच्या मानेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यात मागचा रस्ता दिसायचा, पण मागची काच, सीट, स्वतःचे डोळे, काही नाही. बाबा गाडी चालवत तेव्हा जुन्या आरशात बाजूला बसूनही त्यांच्या कपाळाचा एक तुकडा दिसायचा. पुस्तकातून डोकं वर काढलं की तेवढाच दिसायचा. आता त्या जागी मागे धावत जाणारा डांबराचा पट्टा होता, स्वच्छ आणि जरुरीपेक्षा रुंद. कॅमेऱ्याचं कार्ड लहान होतं. तीन दिवस गाडी चालली की ते भरायचं आणि जुन्यावर नवं लिहायला लागायचं. तिला ते आवडलं. काही साठवायला सांगत नव्हतं.

पिकुन तालुक्याच्या ग्रंथालयात कामाला होती. दर गुरुवारी पुस्तकांच्या पेट्या घेऊन चियांग मुअनच्या घाटातल्या शाळेत जायचं, हे तिचं काम. ग्रंथालयाची गाडी सात वर्षांपूर्वी बंद पडली ती पडलीच. तेव्हापासून बाबा तिला नेत. ती शेजारी बसून वाचत असे. बाबा गप्प माणूस. घाटातल्या एका मोठ्या वळणावर मात्र त्यांचा हॉर्न वाजे. टी, टी, टीऽऽ. दोन आखूड, एक लांब. ती पुस्तकातून मान वर न करता हात जोडून मोकळी होई, कारण त्या वळणावर स्थानदेवतेचं देऊळ होतं आणि तिथे सगळेच हॉर्न देऊन पुढे जात. मग बाबा तिला शाळेत सोडून "कॉफी पिऊन येतो" म्हणत आणि दुपारी घ्यायला येत. येताना सीटवर खाव लाम असे. काळ्या शेंगदाण्याएवढ्या घेवड्याचा, नारळाच्या दुधातला चिकट भात, बांबूच्या नळीत भाजलेला. बाजारातून आणत असणार, असं ती धरून चालली होती. बाबांना त्यांच्या येण्याजाण्याबद्दल कोणी विचारत नसे. ती तर नाहीच. तिच्या हातात पुस्तक असे.

आता त्या वळणावर तीच हॉर्न वाजवत होती. हात आपणहून जाई.

कॅमेरा लागल्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी ती वळण ओलांडून पुढे गेली आणि पडद्यात पाहिलं. वळणाच्या तोंडाशी, देवळाजवळ, कोणीतरी उभं होतं. एक हात वर. तिने मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं तर धूळ आणि पेट्या. पुन्हा पडद्यात पाहिलं तोवर डोंगर आडवा आला होता.

तिसऱ्या गुरुवारी ते पुन्हा होतं. त्याच जागी, तसाच हात वर.

शुक्रवारी दुपारी ती मेकच्या दुकानात गेली. बरोबर प्रयोंग आत्या होती, बाबांची धाकटी बहीण. बाजारातून परतताना "मीपण येते, माझी वाट वाकडी नाही" म्हणून ती चढली होती. आत्याची वाट कधीच वाकडी नसे.

मेकने कार्ड संगणकात घातलं. आधी आवाज आला. टी, टी, टीऽऽ. पिकुनने झटकन बाहेर पाहिलं, बाबांची गाडी कोण चालवतंय म्हणून. मग तिने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. हॉर्न तिचाच होता.

"थांब, थांब!" आत्या ओरडली. "ते बघ! मोठं कर ना रे."

मेकने चित्र मोठं केलं. मोठं झालं तसं ते विरघळलं, पण उभा देह कळत होता. उजव्या हातात काहीतरी लांब, वर उगारलेलं. डाव्या हातात खाली लोंबणारं काहीतरी.

आत्या संगणकाजवळ सरकली.

"तलवार," आत्या हळूच म्हणाली. "आणि डाव्या हातात थैली."

मेकने संगणकापासून हात काढून घेतले. देव्हाऱ्यातली स्थानदेवता तशीच तर असते. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात थैली. त्याच्या दुकानाबाहेरच्या छोट्या देवळातही तीच उभी होती.

"आत्या, काहीतरीच काय! काठीही असेल," पिकुन म्हणाली.

"काठीवाला माणूस दर गुरुवारी तुझी वाट बघत उभा राहतो? मग डोळ्यांना का नाही दिसत? कॅमेऱ्यालाच का दिसतो?"

"कारण मी पुढे बघून गाडी चालवते."

"ही अशीच!" आत्या मेकला म्हणाली. "हिचा बापही असाच. समोर हत्ती आला तरी म्हणायचा, असेल कोणाचातरी." मग तिचा आवाज उतरला. "पोरी, तो दादा तर नसेल? त्या वळणावर सात वर्षं हॉर्न दिला त्याने."

ते बाबा नाहीत, हे पिकुनला ठाऊक होतं. पण बाबांचा त्या वळणाशी काहीतरी संबंध आहे आणि तो तिला माहीत नाही, हेही त्याच क्षणी कळलं. सात वर्षं दर गुरुवारी ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली होती आणि हा माणूस कॉफी कुठे पितो, हेसुद्धा तिला सांगता आलं नसतं. आता विचारायचं कोणाला? जे काही उरलं होतं ते त्या वळणावर होतं, आणि सोमवारपर्यंत कार्डावरून तेही पुसलं जाणार होतं.

"जाऊन बघते," ती म्हणाली.

"रिकाम्या हाताने जाऊ नकोस. लाल सरबताची बाटली घे. झाकण उघडून, काडी घालून ठेवायची. देवाला काय बाटली उघडता येते?"

पुढच्या गुरुवारी पिकुनने वळणाआधी नेहमीसारखा हॉर्न दिला, वळण ओलांडलं आणि पुढच्या रुंद जागेत गाडी बाजूला घेतली. बाटली घेऊन ती चालत मागे आली.

देऊळ खांबावरचं, हातभर उंचीचं. भोवती लोकांनी नवसाला वाहिलेले सिमेंटचे झेब्रे, लहानमोठे वीसेक, काहींचे पट्टे उन्हाने उडालेले. तिने बाटली ठेवली, काडी सरळ केली. मागे दरीच्या बाजूने पावलं वाजली. कोणीतरी धापा टाकत पायवाटेने वर येत होतं.

वर आली ती साठीची बाई, डोक्याला गमछा गुंडाळलेली. उजव्या हातात बांबूच्या दोन नळ्या उगारलेल्या. डाव्या हातात प्लास्टिकची पिशवी.

पिकुनला हसू आलं. ते तिने ओठ आवळून थांबवलं.

"थांबली एकदाची गाडी!" बाई तिच्याकडे न बघता पिकअपकडे बघत ओरडली. "थविनभाऊ! अहो, रागावलात की काय? तीन महिने हॉर्न देताय आणि शेपूट दाखवून पळताय. मी मेली गुडघे धरून वर येते तोवर गाडी डोंगराआड! काय केलं मी? भात कच्चा राहिला होता का?"

गाडीचं दार उघडलं नाही. बाईचा हात हळूहळू खाली आला. आता तिने पिकुनकडे पाहिलं.

"तू ती वाचणारी मुलगी," ती म्हणाली.

"हो. मी पिकुन. मावशी, बाबा नोव्हेंबरात गेले. झोपेतच."

बाईने नळ्या झेब्र्यांच्या शेजारी ठेवल्या आणि कठड्यावर बसली. बराच वेळ तिने गमछ्याचं टोक नुसतं हातात धरलं.

"मग हॉर्न कोण देत होतं?"

"मी."

"तू नव्हेस. दोन आखूड, एक लांब. बाकीचे सगळे आपले तीन सारखे मारतात. दोन आखूड म्हणजे दोन नळ्या भाजायला घाल, लांब म्हणजे येतोच. तो हॉर्न मी झोपेतही ओळखीन."

"मला माहीत नव्हतं," पिकुन म्हणाली. "मला वाटायचं, देवासाठी आहे."

बाई डोळे पुसता पुसताच हसली. "कसला देव? इथे झाड होतं नुसतं. माझी झोपडी खाली, रस्त्यावरून हाक ऐकू येत नाही, म्हणून थविनभाऊ हॉर्न द्यायला लागले. त्यांचा ऐकून मागचा ट्रकवाला द्यायला लागला. मग बसवाला. कोणी झाडाला फडकं बांधलं, कोणी झेब्रा आणून ठेवला. दोन वर्षांत देऊळ उभं! आम्ही दोघं खाली बसून कॉफी प्यायचो आणि वर एकेक हॉर्न वाजला की हसायचो."

"बाबा हसायचे?"

"डोळ्यांतून पाणी येईपर्यंत." तिने गमछा सारखा केला. "पण पुढे पुढे वर आले की हात जोडायचे हं. मी म्हटलं, भाऊ, तुम्हाला तर ठाऊक आहे, इथे कोणी नाही. तर म्हणाले, खामपेंग, एवढे लोक रोज विचारपूस करतात म्हटल्यावर एखादा येऊन राहिलाही असेल."

पिकुनने देवळाकडे पाहिलं. आतली मूर्ती बोटभर उंच, तलवार हातात, थैली हातात.

खामपेंग मावशीने तिला खाली नेलं. झोपडीपुढे निखाऱ्यांचा चर होता, त्याला टेकून नळ्यांची रांग. दोन स्टुलं. एकाचा पाय तारेने बांधलेला. "तुझ्या बाबांनी बांधलाय. त्यावर जपून बस." कॉफी फार गोड होती. शाळेला उशीर होत होता आणि पिकुन बसून राहिली. तिने काय काय विचारलं: बाबा काय बोलायचे, साखर किती घ्यायचे, पावसात कुठे बसायचे. माझ्याबद्दल काही म्हणायचे का, हे तिने विचारलं नाही. मावशीने आपणहून सांगितलं.

"म्हणायचे, मुलगी शेजारी बसून वाचत असते, पान उलटल्याचा आवाज येतो. म्हणून मी रेडिओ लावत नाही."

पिकुनने कप दोन्ही हातांत धरला. निवेपर्यंत तो तसाच राहिला.

संध्याकाळी घरी आत्या दारातच उभी होती.

"काय झालं? दिसला कोणी?"

"दिसले ना. तलवारीसकट." पिकुनने पिशवीतून बांबूची नळी काढून तिच्या हातात ठेवली. "ही घे तलवार. सोल आणि मला अर्धी दे."

आत्या नळीकडे, मग तिच्याकडे बघत राहिली. "आणि सरबत?"

"ते मावशी प्यायली."

पुढच्या गुरुवारी घाटात वळण आलं तेव्हा पिकुनने हॉर्न दिला. दोन आखूड, एक लांब. वळण मागे पडलं. पडद्यात कोणी आलं नाही, झेब्रे तेवढे लहान लहान होत गेले. येतोच, असा निरोप पोचला होता, मग कोण कशाला गुडघे धरून वर येईल? खाली आता दोन नळ्या निखाऱ्यांवर चढत असतील. तिने पडद्यावरून नजर काढून पुढच्या रस्त्याला लावली. मागून येणाऱ्या बसने तीन सारखे हॉर्न दिले.