खाल्लं गेलेलं बाळ

रोमच्या अमलाखालच्या अमास्त्री बंदरावर त्या सकाळी माल उतरवायला माणूस मिळेना. सगळं गाव आर्टेमिसच्या देवळात लोटलं होतं. देवीच्या संगमरवरी गालांवरून लाल अश्रू ओघळत होते. माझं खारवलेल्या माशांचं दुकान देवळासमोरच. गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर मीही कोपरं मारत आत घुसलो.

पुजारी लायकॉन घसा ताणून सांगत होता, ख्रिस्ती लोकांनी बाळ खाल्लं म्हणून माता रडतेय. त्यांच्यातल्याच झोसिमे धोबिणीनं उकिरड्यावरचं टाकलेलं बाळ टोपलीत घालून नेलं होतं, हे खरंच. त्यांच्या प्रार्थनेच्या जेवणात ‘देह’ आणि ‘रक्त’ हे शब्द ऐकू येतात, हेही खरं. तेव्हा झोसिमेला सिंहांपुढे टाका आणि देवीला चांदी वाहा, असं लायकॉनचं म्हणणं. झोसिमे पायरीशी बांधलेली होती. रोमहून आलेले इतिहासकार आत्तियस खांबाला टेकून भराभर लिहीत होते.

तेवढ्यात मेलितिने वैद्यबाई पुढे आल्या. देवीपुढची धुपाची शेगडी जरा बाजूला घ्या, डोळे चुरचुरतात, म्हणाल्या. लायकॉन नको नको म्हणत असतानाच हमालांनी शेगडी उचलली. अश्रू थांबले. परत ठेवली, पुन्हा सुरू. हमालांना खेळच सापडला. शेगडी आत-बाहेर नाचू लागली आणि देवी त्या तालावर रडू लागली. वैद्यबाईंनी केसातला आकडा देवीच्या डोळ्यात फिरवला. टोकाला लाल मेण आलं.

“मातेला दुःख झालेलं नाही, लायकॉनबुवा. ऊब लागलीय.”

“मग बाळ कुठंय?” लायकॉन ओरडला.

बाळ झोसिमेच्या शेजारणीच्या कडेवर होतं, गुबगुबीत. तिला वैद्यबाईंनीच सोबत आणलं होतं. लायकॉननं हे दुसरंच कुणाचं तरी म्हणत बोट रोखलं, तर बाळानं ते धरून तोंडात घातलं आणि नव्या दातांनी कडकडून चावलं.

“गावात माणसं खाणारं एवढं एकच आहे,” वैद्यबाई म्हणाल्या.

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी झोसिमेचे दोर कापले. तिनं मात्र बाळ घेतलं आणि हसणाऱ्यांकडे न बघता घरची वाट धरली.

मी आत्तियसना म्हटलं, आता ते बाळ खाल्ल्याचं खोडा. ते म्हणाले, “लोक म्हणतात तेच मी लिहितो.”

“लोक आता वेगळं म्हणताहेत, साहेब.”

“रोममध्ये पहिलंच आवडेल,” असं म्हणून त्यांनी गुंडाळी बांधली आणि ते जहाजावर चढले.

झोसिमेचा देव मलाही पटत नाही. पण उद्या कुणी आत्तियसांचा ग्रंथ उघडलाच, तर जुना आहे म्हणून मान डोलावू नये. हे लिहिणाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं का, आणि झोसिमेला एकदा तरी विचारलं होतं का, एवढं नक्की विचारावं.