काडतुसं तपासणारा लोहचुंबक

मित्रांनो, टेबलावर पडलेलो दिसलो तर तुम्ही मला खडूचा काळपट तुकडा समजाल. मी खडू नाही. मी म्हातारा लोहचुंबक आहे आणि माझ्या आयुष्यातली आठ वर्षं एका गायीच्या पोटात गेली. हसू नका. आमच्या अमेरिकेतल्या मोंटानात याचं कुणाला हसू येत नाही. गाय चरताना गवताबरोबर खिळे आणि तारेचे तुकडे गिळते, ते पोटातून काळजात घुसतात आणि धडधाकट गाय बघता बघता मरते. म्हणून कालवड जरा मोठी झाली की तिच्या घशात माझ्यासारखा गुळगुळीत चुंबक सोडतात. तो पोटात बसतो आणि लोखंड धरून ठेवतो.

मी एका कारखान्यात घडलो. वितळलेला धातू साच्यात ओतला, थंड केला, घासला, मग माझ्यात चुंबकाची ताकद भरली. डेल्बर्ट क्रॉगस्टाड नावाच्या गुरं पाळणाऱ्या माणसानं मला विकत घेतलं आणि पेट्यूनिया नावाच्या तांबड्या कालवडीला गिळायला लावलं. तिच्या पोटात मी सतरा खिळे, कुंपणाच्या तारेचे तुकडे आणि एक अख्खी सेफ्टी पिन धरून ठेवली. तिला त्यातलं काहीच कळलं नाही. ती म्हातारी होऊन मेली तेव्हा डेल्बर्टनं मला बाहेर काढलं, साबणानं तीन वेळा धुतलं आणि बायकोची नजर चुकवून स्वयंपाकघरातल्या खिडकीत वाळत ठेवलं. बायकोच्या, म्हणजे आर्डिसच्या, ते लक्षात आलंच. त्या दिवशी घरात काय बोलणं झालं ते मी सांगत नाही.

डेल्बर्ट गावाच्या नेमबाजीच्या मैदानाचा रखवालदारही होता. तिथे माझं दुसरं आयुष्य सुरू झालं.

त्या काळी आमच्या गावात लष्करी काडतुसांची चंगळ होती. कुठल्या कुठल्या देशांच्या फौजांनी जुन्या रायफली टाकून नव्या घेतल्या, की जुन्या रायफलींची उरलेली काडतुसं सीलबंद पत्र्याच्या डब्यांत इकडे विकायला यायची. पेंडीच्या दुकानात पोत्यांशेजारी हे हिरवे डबे रचलेले असायचे. त्यांवरची अक्षरं गावात कुणालाच वाचता येत नसत. नव्या काडतुसांपेक्षा ती निम्म्यानं स्वस्त, त्यामुळे रविवारी प्रार्थना आटोपली की अर्धं गाव मैदानावर लोटायचं.

पण त्यातल्या काही गोळ्या मोठ्या फसव्या. वरून तांब्याचा लालसर मुलामा आणि खाली पोलाद! शिशाची गोळी दगडावर आपटली तर चपटी होते. पोलाद आपटलं तर ठिणगी उडते. आमच्या खोऱ्यात उन्हाळ्यात गवत इतकं वाळतं की ठिणगीला दुसरं काही लागत नाही. म्हणून फाटकाजवळच्या टेबलावर मी दोरीला टांगलेला असायचो. प्रत्येकानं आपली काडतुसं टेबलावर ठेवायची. डेल्बर्ट एकेक गोळी माझ्याजवळ आणायचा. मी हललो नाही तर आत जा. मी चिकटलो तर डबा उचला आणि घरी चालू लागा.

"अहो, मी प्रार्थना सांगून थेट इकडे आलोय!" एकदा पाद्रीबाबा कुरकुरले.

"मग देवाला सांगा गोळी बदलून द्यायला," डेल्बर्ट म्हणाला. "आमचे हे साहेब गायीच्या पोटात शिकून आलेत. त्यांच्यापुढे माझंही चालत नाही."

सगळे हसले आणि पाद्रीबाबा डबा घेऊन परत गेले. मी तेव्हा फार फुशारलो होतो. सव्वीस उन्हाळ्यांत त्या मैदानावर एकदाही आग लागली नाही.

मग डेल्बर्ट गेला. रखवाली आर्डिसकडे आली. आणि त्याच सुमारास डबेही आटले. बाहेरून माल येणं बंद झालं, आधीचा साठा लोकांनी उडवून संपवला, आणि दुकानातल्या फळीवर नव्या काडतुसांच्या जागी 'माल नाही' अशी चिठ्ठी लटकू लागली. जुन्या रायफलींची तर फारच परवड झाली. ज्याच्याकडे एखादा डबा उरला होता तो त्याला पलंगाखाली लपवू लागला. आता मैदानावर येत होता तो तळाचा गाळ, पूर्वी कुणी हातही लावला नसता असा माल. मी रोज चिकटत होतो. पूर्वी माझं कौतुक करणारेच आता माझ्याकडे बघून तोंड वाकडं करत.

गेल्या सप्टेंबरात लाइल बकनर आला. लाइल म्हणजे क्रॉगस्टाडांचा सख्खा शेजारी. डेल्बर्ट गेल्यापासून दर हिवाळ्यात आर्डिसच्या दारातला बर्फ तोच उपसायचा. त्याच्या हातात गंजका हिरवा डबा होता.

"वहिनी, दहाच गोळ्या झाडू द्या," तो म्हणाला. "घोड्यावरून पडलो तेव्हा रायफलही आपटली. नेम हातभर डावीकडे जातोय. शिकारीची चांगली काडतुसं सहाच उरलीत, ती नेम बसवण्यात घालवली तर एल्क हरीण कशानं मारू? घरात हिवाळ्याला मांस नको?"

आर्डिसनं एक गोळी माझ्याजवळ आणली. मी टचकन चिकटलो.

"बघ," ती म्हणाली.

"नुसता वरचा पत्रा पोलादाचा आहे हो! आत शिसंच आहे. मी एक कापून बघितली. डेल्बर्टचं म्हणजे सगळ्यांनाच एका मापानं मोजणं."

"सात आठवडे पाऊस नाही, लाइल."

"वारा तरी आहे का आज? पान हलत नाहीये. वहिनी, तीन दुकानं पालथी घातली. कुठे मिळत नाही. तुमच्याकडे मी कधी काही मागितलंय?"

 खरंच, त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. मी गोळी घट्ट धरून होतो. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. आर्डिसनं दोन बोटांनी गोळी माझ्यापासून ओढून काढली आणि लाइलच्या तळहातावर ठेवली.

"दहा म्हणजे दहाच हं," ती म्हणाली.

सातव्या गोळीला निशाणामागच्या मातीच्या बांधापाशी धुराची बारीक रेघ उठली. लाइल रायफल टाकून धावला. आर्डिस बादली घेऊन धावली. दोघांनी फावड्यानं माती टाकली, जॅकेटांनी झोडपलं, बुटांनी तुडवलं. पाण्याच्या दोनच बादल्या होत्या, त्या संपल्या. मग ज्याचा पत्ता नव्हता तो वारा सुटला. मी दोरीवर हेलकावे खात बघत होतो. आग बांधावरून पलीकडच्या उतारावर गेली आणि मग ती कुणाच्याच हातात राहिली नाही.

ती दोन दिवस जळत होती. लाइलची गवताची कोठी गेली, हिवाळ्यासाठी ठेवलेलं सगळं गवत गेलं, अकरा वासरं कुंपणाशी अडकून गेली. ओढ्यापलीकडे राहणाऱ्या वांडा टीग या म्हाताऱ्या बाईचं घर पायापर्यंत जळालं. ती पायांत सपाता आणि काखेत कुत्रा घेऊन बाहेर पडली, म्हणून वाचली. मी टेबलापाशी होतो तसाच होतो. वारा उलट दिशेचा होता ना. मला धगसुद्धा लागली नाही, आणि त्याचीच मला लाज वाटते.

चौथ्या दिवशी अग्निशमन खात्याचा माणूस चौकशीला येणार होता. तो यायच्या आधी लाइल आला. त्याच्या भुवया जळल्या होत्या आणि हात फडक्यात गुंडाळलेले होते.

"वहिनी, म्हणा की चुंबक खराब झाला," तो हळूच म्हणाला. "म्हातारा झाला, चिकटलाच नाही. कोण काय म्हणणार? लोखंडाच्या तुकड्याला कुणी तुरुंगात घालत नाही. मैदान वाचेल. डेल्बर्टचं नाव वाचेल. मी वाचेन."

"आणि वांडा?"

"तिचं घर परत येणार आहे का खरं बोलून?" लाइल रडायला लागला. "माझी वासरं परत येणार आहेत? मी तिच्या तोंडाकडे कसा बघू, सांगा तुम्ही!"

 मित्रांनो, माझ्या जिवाची काय तगमग झाली ते तुम्हाला कसं सांगू! मला तोंड नाही. मी चिकटलो होतो हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक खोटं बोला म्हणून हात जोडत होता आणि दुसरी नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

चौकशीचा माणूस आला. तरुण होता, डोळे धुरानं लाल झाले होते. त्यानं वही उघडली. "काडतुसं तपासली होती?"

"हो."

"चुंबक चिकटला नाही?"

आर्डिसनं लाइलकडे पाहिलं. लाइलनं मान खाली घातली. तिनं माझी दोरी सोडली, मला टेबलावर ठेवलं, खिशातून घोड्याच्या नालाचा एक खिळा काढला आणि माझ्यापासून बोटभर अंतरावर ठेवला. खिळा सरपटत आला आणि मला येऊन भिडला.

"याला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "हा चिकटला होता. मीच गोळी ओढून काढली."

लाइलनं हातांनी तोंड झाकलं. तो माणूस बराच वेळ लिहीत राहिला.

आता मैदानाला कुलूप आहे. आर्डिसवर आणि लाइलवर खटला चालू आहे. वांडा आपल्या बहिणीकडे राहते आणि रस्त्यात आर्डिस दिसली की तोंड फिरवते. या हिवाळ्यात आर्डिस दारातला बर्फ स्वतःच उपसते. लाइल येत नाही. मी पुन्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. ती भांडी घासता घासता थांबते, माझ्याकडे बघते आणि नळ तसाच वाहत राहतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, गल्लीत 'नको' म्हणणारं काहीतरी असेल. एखादी दोरी, एखादी पाटी, एखादं खडूस वाटणारं माणूस. कधीतरी तुमच्या अगदी जवळचं कुणीतरी डोळ्यांत पाणी आणून म्हणेल की आजच्या दिवस सोड. त्याची अडचण खरी असेल. तुम्हाला त्याची दयाही खरीच येईल. तेव्हा माझी एवढी आठवण ठेवा. माझ्या अंगात होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून मी ती गोळी धरली होती. सोडवायला तिला दोनच बोटं लागली.