बाहेरून कुलूप

वर्गातली मराठी पोरं मला काकू म्हणायची, त्याचा सुरुवातीला मला राग नव्हता. बाकीची पोरं तेवीस-चोवीसची, मी त्रेचाळीसची. पाणीपुरवठा खात्यात अठरा वर्षं काढून, बिनपगारी रजा टाकून परदेशात शिकायला आलेली बाई. तिला आणखी काय म्हणणार? मराठी बोलणारे आम्ही चौघंच होतो: मी, सगळे बेत आखणारा कप्तान, त्याचा खोलीतला जोडीदार लांबू आणि जिला सगळे चष्मिष म्हणत ती एक अबोल मुलगी. दुसऱ्याच महिन्यात शनिवार-रविवार तळ्याकाठी जायचं ठरलं. मला बोलावलं, कारण मी चौथी होते आणि गाडीचा परवाना फक्त माझ्याकडे होता.

ठिकाण मात्र मी सुचवलेलं. त्या तळ्यातल्या बेटावर शंभर वर्षांपूर्वीचं पंपघर आहे. रविवारी सकाळी दहा ते पावणेअकरा जुनी यंत्रं चालवून दाखवतात. व्हॉल्व्ह फिरवून फिरवून हाताला घट्टे पडलेल्या माणसाला त्यात काय वाटतं, ते दुसऱ्याला सांगून कळत नाही. तरी मी गाडीत तासभर सांगितलं. तिघंही हं हं करत होते.

शनिवारी मागची टेकडी चढलो. वाटेच्या कडेला बिडाची जुनी पाइपलाइन उघडी पडली होती. तिचे सांधे बघायला मी तीनदा थांबले.

"बसा काकू, घाई नाही," कप्तान वरून म्हणाला.

मी हसले. मी दमलेय असं त्याला वाटत होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. संध्याकाळी तळ्याकाठच्या भाड्याच्या घरात चौघांचा स्वयंपाक मीच केला, कारण बाकीच्यांना कांदा चिरायचा म्हणजे संकट. तेही हौसेनं केलं.

रविवारी साडेआठला जाग आली तर घर चिडीचूप. टेबलावर कप्तानच्या अक्षरात चिठ्ठी: "काकू, काल तुमची फार दमछाक झाली, म्हणून उठवलं नाही. आम्ही बेटावर जाऊन दुपारी येतो. जमलं तर काहीतरी गरम करून ठेवा."

मी दाराशी गेले. दार बाहेरून कुलूपबंद. त्या घराला किल्ली एकच, आणि किल्लीशिवाय ते आतूनही उघडत नसे.

कप्तानला फोन लावला, उचलला नाही. लांबूचा बंद. चष्मिषचा वाजला, पण शेजारच्या खोलीत, चार्जरला लावलेला.   रागानं कान तापले.

झोपायच्या खोल्यांच्या खिडक्या चार बोटं उघडायच्या. स्वयंपाकघरातली, सिंकवरची, पूर्ण उघडत होती. भांड्यांची जाळी खाली ठेवली, ओट्यावर चढले आणि आधी पाय, मग बाकीची मी, अशी बाहेर उतरले. ओढणी कडीत अडकून टरकन फाटली. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात चाळीस फुटी टाकीची शिडी चढून गळती शोधलेली बाई आहे मी, आणि ही पोरं मला टेकडी झेपत नाही म्हणून कोंडून गेली होती.

धक्क्यावर पोचेपर्यंत नऊची होडी गेली होती. आम्ही आधीच काढलेल्या चार तिकिटांचं मी विचारलं, तशी तिकीटवाल्या बाईंनी वही बघितली.

"चौथं तिकीट ना? ते म्हणाले बाईंना बरं नाही. रद्द केलं."

"बाई मीच. मला काही झालेलं नाही."

त्यांनी फाटक्या ओढणीकडे पाहिलं आणि काही न विचारता साडेदहाचं तिकीट दिलं. शहराकडे परतीची बस चार वाजता असते, हेही मी विचारून घेतलं. का, ते तेव्हा माझं मलाच नीट माहीत नव्हतं.

मी पंपघरात शिरले तेव्हा अकराला पाच कमी होते. यंत्रं थांबली होती. चालक फडक्यानं दांडा पुसत होता. मी पंपाच्या बेअरिंगवर हात ठेवला, ते अजून गरम होतं.

"अरे, काकू," कप्तान म्हणाला. "कशाला दगदग केलीत?"

"तुम्ही मला कोंडून आलात."

"कोंडून काय, किल्लीच एक. दार उघडं टाकलं असतं तर सामान..."

"म्हणजे सामानाची काळजी होती. मी आत असताना गॅस गळला असता, काही पेटलं असतं, तर?"

"पण बाहेर आलात ना," लांबू म्हणाला. "आणि मी सगळं शूट केलंय. तुम्हाला पाठवतो."

माझा हात उठेल की काय, अशी मलाच धास्ती वाटली. मी तो पर्सच्या पट्ट्यावर आवळून धरला.

कप्तान हसला. "माझी आई पण अशीच चिडते. आम्ही तुमचाच विचार केला हो."

"मी तुझी आई नाही. तुझ्या बाकाशेजारी बसून तीच परीक्षा देणारी विद्यार्थिनी आहे. माझ्यासाठी विचार करायचा तर मला उठवून विचारायचं. किल्ली दे. गाडी दोन वाजता निघेल. यायचं त्यानं यावं."

त्यानं किल्ली दिली, पण मी निघेन असं कुणाला खरं वाटलं नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. चष्मिष तेवढी जमिनीकडे बघत होती.

बाराच्या होडीनं परतले, आवराआवर केली. दोनला पाच मिनिटं असताना चष्मिष एकटी धापा टाकत आली. कप्तानचा फोन आला, "काकू, आत्ताच जेवायला बसलोय, अर्धा तास थांबा." मी म्हटलं, "बस चारला आहे." दोघांच्या पिशव्या घरमालकाच्या ताब्यात दिल्या, किल्ली दिली आणि निघाले.

गाडीत चष्मिष म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यांना, उठवूया."

"मग?"

"मग काही नाही. गेले त्यांच्याबरोबर."

"त्यांना कळलं नाही असं मी एक वेळ धरून चालेन," मी म्हटलं. "तुला कळत होतं."

ती रडली. मी गाडी चालवत राहिले. समजूत घालायचं काम माझं नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "पोरं आहेत गं, काळजीपोटीच केलं असेल." मी त्याचाही फोन मधेच ठेवून दिला.

सोमवारी प्रयोगशाळेच्या दाराशी कप्तान उभा होता. "दोन बस बदलून, उभ्यानं आलो. सॉरी, पण तुम्हीही जरा जास्तच ताणलंत."

"सॉरी ठेवून घेते. 'पण' पासून पुढचं परत घे."

 तो नुसतं "सॉरी" म्हणाला.

मी मान हलवली आणि आत गेले. कप्तानबरोबरचा प्रकल्पाचा गट मात्र मी त्याच दिवशी सरांकडून बदलून घेतला. राग अजून उतरला नव्हता, आणि तो लवकर उतरावा अशी माझीही काही इच्छा नव्हती.