पाचचे बटण नसलेला कॅल्क्युलेटर

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. माझ्याकडे नीट पाहिलेत तर चार आणि सहा यांच्या मधोमध एक चौकोनी खड्डा दिसेल. तिथे पूर्वी पाचचे बटण होते. ते गेल्याचे वाईट वाटते का, असे मला पुष्कळ जण विचारतात. मित्रांनो, खरे सांगू? ते तुटले त्या आठवड्याइतका मजेचा आठवडा माझ्या आयुष्यात दुसरा आलेला नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. कुणी माझ्या पोटात तारा बसवल्या, कुणी स्क्रू पिळले. शेवटच्या खुर्चीवरच्या चष्मेवाल्या मावशींनी माझे प्रत्येक बटण तीन तीनदा दाबून पाहिले आणि “हा दणकट आहे” असे म्हणून मला खोक्यात घातले. तेव्हापासून माझी मान ताठ आहे.

मी एका नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात कामाला लागलो. खिडकीजवळचे टेबल, शेजारी पेन्सिलींचा कप, समोर भिंतीवर गावाचा नकाशा. आमचे काम अंदाजपत्रके करण्याचे. शाळा, पूल, नळ असे काही करायचे असले की त्याला आज किती खर्च येईल आणि पुढची वीस वर्षे ते सांभाळायला किती येईल, हे आम्ही आधीच सांगायचे. आजची किंमत दुकानात विचारता येते. वीस वर्षांनंतरची दुकानदारालाही ठाऊक नसते. म्हणून आजच्या किमतीवर दरवर्षी काही टक्के वाढ धरतात. किती टक्के धरायची, हीच खरी मेख असते.

आमच्या खात्यात ती मेख कुणालाच टोचत नसे. मोठे साहेब सांगत, “पाच धरा. पाचनं कुणाशी भांडण होत नाही.” सिमेंट? पाच. माळ्याचा पगार? पाच. काच, रंग, दिवे, पाणी खेचणाऱ्या मोटारी, सगळ्यांना पाच. दाबून दाबून माझ्या त्या बटणावरचा आकडा पुसला गेला, मग त्याला खळगा पडला. मला त्याचा भारी अभिमान वाटे. साहेब पाहुण्यांसमोर माझी पाठ थोपटत, “इतकी वर्षं झाली, पण एक चूक नाही याची!” ते खरेच होते. जे बटण दाबाल त्याचे उत्तर मी बिनचूक देत होतो. कोणते दाबावे हे मला कोण विचारतो?

मग संगणक आला आणि माझी रवानगी कागदांवरचे वजन म्हणून झाली. पंख्याखाली बसून मी फायली धरून ठेवायचो आणि मनातल्या मनात कुढायचो. अंदाजपत्रकाचा तक्ता संगणकात गेला, तेव्हा पाच टक्केही त्यात आयतेच भरून ठेवले गेले. आता ते कुणाला दाबावेही लागत नव्हते.

मला पुन्हा हातात घेतले ते आमच्या बाईंनी. त्या खात्यात नव्या इंजिनीअर म्हणून आल्या होत्या. संगणकाने दिलेले उत्तर माझ्यावर पडताळल्याशिवाय त्या सही करत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या फटींमधली धूळ रंगाच्या ब्रशने काढली. किती बरे वाटले म्हणून सांगू!

त्याच सुमारास गावच्या पोहण्याच्या तलावावर गंडांतर आले. भिंतीतले नळ जुने झाले होते, पाणी झिरपत होते. तलावाचा पुढच्या वीस वर्षांचा खर्च ठरलेल्या मर्यादेत बसला तर दुरुस्ती करायची, नाहीतर तलाव बुजवून गाड्या लावायची जागा करायची, असे नगरपालिकेने ठरवले. बैठक शुक्रवारी होती. सोमवारीच पोहायला शिकवणारे मास्तर आमच्या टेबलाशी हजर झाले. गळ्यात शिट्टी, पायात ओल्या चपला. तीस वर्षांत अर्ध्या गावाला त्यांनीच पाण्यात ढकलले होते. लहानपणी आमच्या बाईंनाही.

“पोरी, बसेल ना गं आपला तलाव?” त्यांनी विचारले.

“मास्तर, मलाही तो हवाय. पण येईल तो आकडा येईल. ओढूनताणून नाही बसवणार,” बाई म्हणाल्या.

संगणकाचा आकडा मर्यादेच्या बराच वर गेला होता. बाईंनी मला पुढे ओढले, पाच दाबला, आणि टक्! बटण उडून थेट मास्तरांच्या चपलेत पडले. मी मुद्दाम केले नाही, शपथ! नव्या कॅल्क्युलेटरसाठी लगेच अर्ज गेला, पण आमच्याकडचे अर्ज पायी फिरतात.

“आता चार धरू का सहा?” बाई हसत म्हणाल्या.

“चार धर की! कमी ते बरं.”

“पण चारच का?” असे म्हणून बाई एकदम थांबल्या. चार घ्या की सहा, कारण द्यावे लागणार होते. पाचला आजवर कुणी कारण विचारलेच नव्हते. त्यांनी शंभराला चार टक्क्यांची वाढ देत माझे बरोबरचे बटण वीस वेळा दाबले. मी दोनशे एकोणीस दाखवले. मग सहा टक्क्यांनी पाहिले, तर तीनशे एकवीस! दोन टक्क्यांनी एवढा फरक पाहून मास्तरांनी खुर्चीच ओढली.

“मास्तर, तलावाच्या जुन्या पावत्या आहेत का हो?” बाईंनी विचारले.

मास्तर धावत गेले आणि बिस्किटांचा एक मोठा डबा घेऊन आले. त्यात बारा वर्षांची पावती न् पावती होती, काही तर पाण्याने फुगलेल्या. मित्रांनो, मग तीन दिवस आमच्या टेबलावर नुसती धमाल! मला पाच येत नसल्यामुळे पंचावन्न हवे असले की बाई चव्वेचाळीस आणि अकरा करायच्या. मास्तर पावत्या वाचायचे, मी बेरजा करायचो.

हळूहळू प्रत्येक वस्तूची चाल वेगळी दिसू लागली. दिवे वर्षागणिक स्वस्त झाले होते. मोटारींची किंमत जेमतेम हलली होती. पाणी शुद्ध करायची पूड एका वर्षी तिप्पट महागली होती. “बाप रे, ही बघ कशी चढली!” मास्तर म्हणाले. “एका वर्षावर जाऊ नका. पुढच्याच वर्षी उतरलीये. बारा वर्षांची चाल बघा,” बाई म्हणाल्या. माणसांची मजुरी मात्र दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढत आली होती.

“मजुरी जरा कमी धर ना,” मास्तर हळूच म्हणाले.

“बरं, मग तुमच्याच पगाराची वाढ कमी करू?”

मास्तरांनी शिट्टी चाचपत पुढची पावती उचलली.

गुरुवारी दुपारी बेरीज झाली. आकडा खाली आला होता, पण मर्यादेच्या वरच होता. मास्तरांनी डब्याचे झाकण लावले. बाईंचे डोळे भरून आले. मलाही फार वाईट वाटले. एखादा आकडा चुकून खाऊन टाकावा असे मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटले. पण बाईंनी कागद पुन्हा उचलला आणि या खेपेला टक्के न पाहता वर्षे पाहिली. पहिल्या वर्षी नवे दिवे आणि मोटारी, नवव्या वर्षी नळ, असा तो बेत होता.

“मास्तर, आताचे दिवे-मोटारी अजून किती चालतील?”

“दहा वर्षं तरी कुठं जात नाहीत. नळांचंच काही खरं नाही.”

“अहो, मग आपण उलटं करतोय! नळांचं काम म्हणजे सगळी मजुरी. आठ टक्क्यांनी नऊ वर्षांत ती दुप्पट होते. दिवे तर थांबलो की स्वस्तच होणार. या वर्षीचे दिवे-मोटारींचे पैसे नळांना देऊ, आणि दिवे मागाहून घेऊ.”

मी धडधडत बेरीज केली. तलाव मर्यादेत बसला, वर थोडी जागाही उरली! मास्तरांनी एवढ्या जोरात शिट्टी फुंकली की शेजारच्या खात्यातले लोक धावत आले.

शुक्रवारी मी बाईंबरोबर बैठकीला गेलो. साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “बाई, पाच कुठं गेला?”

“मास्तरांच्या चपलेत, साहेब.”

सगळे हसले. साहेबांना हसू आले नाही. “आपण कायम पाचच धरतो,” ते म्हणाले.

“का धरतो, साहेब?”

साहेबांनी डोके खाजवले. “माझ्या साहेबांनी धरला होता,” ते शेवटी म्हणाले आणि स्वतःच खो खो हसत सुटले. मग एकेक पावती विचारून विचारून, दोन तासांनी, त्यांनी सही केली.

मित्रांनो, नवा कॅल्क्युलेटर आला, पण बाईंनी मला टाकले नाही. दरवर्षी तलावाच्या बाकावर बसून आम्ही डबा उघडतो आणि आमचा अंदाज खऱ्या पावत्यांशी ताडून पाहतो. गेल्या वर्षी पूड आम्हाला वाटले त्याहून महागली, म्हणून तिची वाढ आम्ही बदलली. अंदाजाचीही निगा राखावी लागते. कपाटात बंद करून ठेवलात तर तो शिळा होतो. तेव्हा एखादा आकडा सवयीने हाताशी आला, तर त्याला एकदा तरी “तूच का?” असे जरूर विचारा. एवढीच माझी तुम्हाला विनंती.

माझे पाचचे बटण मास्तरांनी शिट्टीच्या दोरीत ओवले आहे. सध्या त्यांच्याकडे एक नवे विद्यार्थी येतात, आमचे मोठे साहेब! परवाच ते पहिल्यांदा काठ सोडून पोहले आणि धापा टाकत ओरडले, “मास्तर, पाच हात मारले!”

मास्तरांनी काठावरून विचारले, “मोजलेत, की नुसतेच धरलेत?”

साहेब वळले आणि मोठ्याने मोजत परत पोहू लागले.