रिळावरचा लाल ठिपका

सासूबाईंनी रिळाला जीभ लावली, ओठ मिटून क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "पास."

जावयाचा जीव भांड्यात पडला. दर रविवारी संध्याकाळी हा सोहळा ठरलेला. त्याने दिवसभर समुद्रकाठच्या खडकावर गळ टाकून बसायचं, घरी येऊन काठीचं रीळ सोडवून सासूबाईंच्या हातात द्यायचं आणि त्यांनी ते जिभेच्या टोकाने तपासायचं. खारट लागलं की खेळ खलास. ती जीभ किती तिखट आहे हे जावयाला लग्नाच्या बोलण्यांपासून ठाऊक होतं.

रीळ त्यांचंच. उभ्या आयुष्यात त्यांनी त्याच्यावर भलेभले मासे ओढले होते. आता गुडघे खडक उतरू देईनात, तेव्हा त्यांनी जाहीर करून टाकलं होतं की हा हंगाम जावईबापूंनी रीळ नीट सांभाळलं तर ते कायमचं त्यांचं, नाहीतर शेजारच्या औषधवाल्याचं. औषधवाला सासूबाईंच्या माशांच्या गोष्टी आ वासून ऐकायचा आणि त्यांतला मासा दर वेळी वीतभर वाढला तरी चकार शब्द काढायचा नाही. जावई त्याला पाण्यात पाहायचा.

कारण रीळ त्याला हवंच होतं. आठवडाभर ऑफिसात ज्याला त्याला ओरडायला तोच सापडायचा. खडकावर कोणी ओरडत नसे. हातात बसलेली ती गुळगुळीत मूठ आणि दोर सुटतानाची सुरसुर, एवढंच काय ते त्याच्या हक्काचं सुख होतं.

पण गडी एक नंबरचा आळशी. रीळ देताना सासूबाईंनी बजावलं होतं, "धुताना ब्रेकची चकती आवळून घ्या, म्हणजे पाणी आत शिरत नाही. गोड्या पाण्याची बारीक धार सोडा, जोराची नको. मग पुसून, चकती सैल करून वाळवा." त्यापुढेही त्या बरंच काही बोलल्या होत्या, पण तोवर जावई मनाने खडकावर पोचला होता. एकूण उपदेशातून त्याने एवढंच घेतलं की जिभेला खारट लागता कामा नये. त्यासाठी ओलं फडकं पुरे होतं. वरवर पुसायचं, चकाचक करायचं आणि निष्पाप चेहऱ्याने पुढे करायचं.

हंगामाचा शेवटचा रविवार उद्यावर आला तेव्हा रीळ करकरायला लागलं. मूठ अर्ध्यात अडायची, मग एकदम हिसका देऊन सुटायची. सासूबाई दुपारच्या झोपेत होत्या, बायको बाहेर गेली होती. त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि रीळ उघडलं.

आत बघतो तर मिठाची पांढरी खरपुडी दातेरी चाकांच्या फटींत बसलेली, पितळेवर हिरवी पुटं चढलेली, बेअरिंग फिरायचं नाव घेईना. त्याला मनापासून लाज वाटली. मग मात्र त्याने बैठक मारली. जुन्या टूथब्रशने एकेक चाक घासलं, गोड्या पाण्यातून काढलं, कोरडं केलं, दात्यांना ग्रीस लावलं, बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब सोडला. ऑफिसात इतकं मन लावून काम केलं असतं तर साहेबाने पेढेच वाटले असते. सगळं परत जोडल्यावर मूठ लोण्यासारखी फिरली.

फक्त एक बारीक वॉशर टेबलावर उरला. तो कुठला, हे त्याच्या बापालाही सांगता आलं नसतं. त्याने तो गुपचूप पाकिटात टाकला.

वर्तमानपत्र गोळा करताना त्याला एक लाल टवका दिसला. नेलपॉलिशचा. मोठ्या स्क्रूच्या खाचेतही थोडा लाल रंग अडकला होता. जावयाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हातारीने सील लावलं होतं! कोणी उघडलं की तिला कळावं म्हणून! तो बायकोच्या आरशापाशी धावला, तीच लाल बाटली शोधली आणि श्वास रोखून स्क्रूवर अस्साच ठिपका दिला. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला की रविवारी मूठ जराशी डुगडुगत होती, तेही त्याने मनावर घेतलं नाही.

रविवारी संध्याकाळी सासूबाईंनी जीभ लावली. "पास." मग त्यांनी चष्मा चढवला, रीळ उलटं करून स्क्रू पाहिला आणि मोठा उसासा सोडला.

"औषधवाल्याला हाक मार गं," त्या लेकीला म्हणाल्या.

"का हो आई?" जावयाने घाबरून विचारलं.

"महिन्यातून एकदा उघडून आतून साफ करा, म्हणाले होते ना? वरून कोणीही पुसेल. मीठ आत बसून खातं. म्हणून ठिपका लावून ठेवला होता, फुटतोय का ते बघायला. हंगाम संपला, ठिपका जसाच्या तसा!"

"अहो, उघडलं होतं मी! काल उघडलं! सगळं घासून काढलं!"

"मग हा ठिपका?"

"मीच... परत लावला."

बायको कपाळाला हात लावून खाली बसली. "काम न करता केल्याचं सोंग आणणारे पुष्कळ पाहिले हो," सासूबाई म्हणाल्या. "काम करून न केल्याचं सोंग आणणारा आमच्याच वाट्याला यायचा होता. आणि मी यावर विश्वास कसा ठेवू?"

जावयाने हताश होऊन खिसे चाचपले आणि त्याला पाकिटातला वॉशर आठवला. त्याने तो तळहातावर धरून पुढे केला. "हा आतून उरलाय."

सासूबाईंनी वॉशर उचलला, उजेडात धरला आणि जिभेवर ठेवला.

"ग्रीस," त्या तोंड वाकडं करून म्हणाल्या. "मीठ नाही." वॉशर पदराला पुसून त्यांनी त्याच्या हातात दिला. "स्क्रू ड्रायव्हर आणा. हा कुठे बसतो ते दाखवते, मग रीळ तुमचं."

जावयाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो स्क्रू ड्रायव्हर आणायला वळला.

"आणि येताना," सासूबाईंनी मागून आवाज दिला, "ती नेलपॉलिशची बाटलीही आणा. यापुढे ती माझ्या उशीखाली राहील."