सुमंगलाकाकीची मिरची आणि मी

मित्रांनो, मी गोव्यातल्या सर्वण गावच्या एका मळ्यातली जुनी तांब्याची कळशी. सुमंगलाकाकी नवी नवरी होती, तेव्हा मी तिच्या कमरेवर बसून विहिरीवर जायची. पुढे घरात नळ आला आणि मी माळ्यावर गेले. कोळ्यांनी माझ्या तोंडावर जाळी विणली.

गेल्या वर्षी काकी डिचोलीला प्राणऊर्जेच्या शिबिराला गेली. पाण्यावर तळवे धरायचे, मन शांत करायचं आणि ते पाणी झाडांना घालायचं, असं शिबिर घेणाऱ्या मनीषाबाईंनी तिथे शिकवलं. "शेतीची नेहमीची कामं सोडायची नाहीत हं. ही त्यांना जोड," असंही त्या म्हणाल्या होत्या. काकीने मला माळ्यावरून काढून चिंचेने घासलं. रोज सकाळी तिचे ऊबदार तळवे माझ्यावर असत. खरं सांगते, इतकं कौतुक मला कधीच मिळालं नव्हतं.

मळ्यात मिरचीचे पाच वाफे होते. बी काकीच्या सासूपासून घरात चालत आलेलं. यंदा सगळं पेरलं होतं, मूठभरही मागे ठेवलं नव्हतं. पौषात रोपांनी माना टाकल्या. काकी घाबरली. एकदा पाणी घालायची ती दोनदा घालू लागली, मग तीनदा.

काकीचे यजमान सगुणकाका मिरचीकडे बोट दाखवून म्हणाले, "आता मिरसांगेक चाय पण पाज!"

माझ्या बुडाला रोज चिखल लागत होता. मातीला कुजका वास येत होता. मला कळत होतं, पण सांगणार कशी?

एके सकाळी सून सेजलने एक रोप उपटलं. मुळं जास्त पाण्याने काळी पडली होती.

"आई, मुळां कुसली. उदक चड जालां."

"माझ्या हातांक नांव ठेवतंस?" काकीने रोप तिच्या हातातून ओढून घेतलं.

"हातांक न्हय, आई. कळशेक."

मित्रांनो, ते खरं होतं. काकीच्या हातांतून झाडांना काय मिळालं, ते मला ठाऊक नाही. माझ्यातून काय मिळालं, ते ठाऊक आहे.

सेजलने आणि काकांनी चर खणून पाणी काढून दिलं. तीन वाफे गेले, दोन तगले. त्यांतली पहिली लाल मिरची कुणी खाल्ली नाही. ती बियाण्यासाठी सुपात वाळली.

काकी आजही रोपांपाशी बसते, तळवे धरते. पण आधी बोट मातीत खुपसते. माती ओली असली की मी दिवसभर कुंपणापाशी उपडी पडून असते.

मित्रांनो, तुम्ही कुणावर माया करा, भरपूर करा. फक्त मला उचलण्याआधी एकदा मातीला हात लावून बघा.