सुकेशनीचं पाचवं वाक्य

मी 'लुक आफ्टर' बोलतोय. दचकू नका, इंग्रजी असलो तरी माणसांत बसणारा आहे. तुमच्याकडे माझं काम 'सांभाळणं' करतं. ते घरचं, मी पाहुणा.

माझं बालपण पुस्तकातल्या वाक्यांत मजेत गेलं. तिथं माळी बाग सांभाळतो, मावशी मांजर सांभाळते. कुणी दमत नाही, कुरकुरत नाही.

मग औरंगपुऱ्यातल्या इंग्रजीच्या क्लासात मंजुषा मॅडमनी मला फळ्यावर लिहिलं आणि फर्मावलं, "रोजच्या जगण्यातली पाच वाक्यं करा." करमाडची सुकेशनी मला घोकत घोकत घरी घेऊन गेली. ती नर्स. परदेशातल्या एका दवाखान्यात दोन वर्षांची नोकरी होती, पण मुलाखत इंग्रजीत, फोनवर व्हिडिओ कॉलनं.

पेशंट, वॉर्ड, म्हातारे, बाळं अशी चार वाक्यं तिनं झटक्यात केली. पाचवं मात्र ती दबक्या आवाजात म्हणायची, 'माय मदर-इन-लॉ विल लुक आफ्टर माय सन.' कारण तीन वर्षांच्या शिवमला ठेवून जायचं, हे सासूला, बानाबाईंना, तिनं सांगितलंच नव्हतं.

"नाय म्हनल्या तर?" ती नवऱ्याला विचारायची.

"आधी नोकरी तर लागू दे," आदिनाथ म्हणायचा. मला हे अजिबात पटत नव्हतं, पण शब्दाला कोण विचारतो?

मुलाखतीच्या दिवशी तिनं फोन डब्याला टेकवून ठेवला. बानाबाई शेळ्या बांधून आल्या आणि शिवमला मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसल्या. सगळं सुरळीत चाललं होतं. मग पडद्यावरच्या बाईंनी विचारलंच, मुलाला कोण सांभाळणार?

मी तिच्या ओठांपर्यंत आलो आणि अडलो. त्या बाई वाट बघत होत्या. आता हिची नोकरी हातची जाणार, म्हणून माझाही जीव टांगणीला लागला.

"वन मिनिट, मॅडम," म्हणून सुकेशनी मागं वळली. "आत्या, मी दोन वर्सं इथं नसंन. शिवमला सांभाळताल का?"

बानाबाई किती तरी वेळ शिवमच्या शर्टाची गुंडी लावत राहिल्या.

"महिना झाला, पोराला पोटाशी धरून रडतीस. मला कळत नाय व्हय? तू कधी इचारतीस म्हनून वाट पाहू लागले मी." मग त्यांनी शेळ्यांकडं पाहिलं. "सांभाळीन. पण पोरगं अन् शेळ्या, दोन्ही नाय व्हायचं माझ्याच्यानं. शेळ्या इकाव्या लागतील."

लग्न होऊन आल्यापासून त्या शेळ्यांमागंच हिंडल्या होत्या. सुकेशनीनं डोळे पुसले आणि पाचवं वाक्य म्हटलं. आवाज फाटला, पण एकही शब्द चुकला नाही. पुस्तकात मी इतका जड कधीच झालो नव्हतो.

निकाल अजून यायचाय. शेळ्यांना गिऱ्हाईक मात्र येऊन गेलं. त्या दिवशी बानाबाई जेवल्या नाहीत, आणि सुकेशनीही.

तुम्ही मला खुशाल वापरा, मार्क मिळवा, नोकऱ्या मिळवा. एवढंच करा, वाक्यात माझ्या आधी जिचं नाव लिहाल, तिला एकदा विचारून या.